भांड्यात फक्त भांडं

आमच्या सोसायटीत पितळेच्या भांड्यांना पावडर लावणारा एकच माणूस होता. पावडर साधीच, अंगाला लावायची, गुलाबाच्या वासाची. मलमलच्या फडक्यात तिची पुरचुंडी बांधून ते ती खांद्यावरच्या पिशवीत ठेवत. कुणाच्या घरी गेले की आधी खिडकी कुठे आहे ते बघत, मग भांडं बघत, आणि घरातल्या माणसांकडे सगळ्यात शेवटी, तेही आठवलं तर. मग पुरचुंडी काढून भांड्यावर हलक्या हाताने आपटायला लागत. लखलखीत समई बघता बघता आजारातून उठल्यासारखी दिसायला लागे. पोरांनी त्यांचं नाव पावडरकाका ठेवलं होतं. मोठी माणसं समोर नुसतं काका म्हणत आणि पाठ वळली की पोरांचंच नाव चालवत.

घराघरांतल्या जुन्या वस्तूंचे ते फोटो काढत. हंडे, घंगाळी, फिरकीचे तांबे, शेवयांचा साचा, पानाचा डबा, अडकित्ता, जातं, देवघरातली घंटा. मुलुंड पूर्वेच्या आमच्या चार मजली इमारतीपासून सुरुवात झाली आणि मग शेजारच्या गल्ल्या, भांडुप, घाटकोपर, जिथून बोलावणं येईल तिथे ते जात. पैसे घेत नसत. हा छंद त्यांना निवृत्तीनंतर लागला असं लोक म्हणत, पण छंद म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नसे. छंद पोस्टाच्या तिकिटांचा असतो, हे काम आहे, असं ते ऐकवत, आणि मग अर्धा तास तरी सुटका नसे.

नोकरीत असताना ते भांडुपच्या एका कारखान्यात फोटोग्राफर होते. लग्नाबिग्नाचे फोटो काढणारे नव्हेत. कारखान्यात तयार होणारे व्हॉल्व्ह, बेअरिंगं आणि नटबोल्ट यांचे, कॅटलॉगसाठी. चकचकीत लोखंडाचा फोटो काढायला गेलं की त्यात वस्तू कमी आणि काढणाराच जास्त दिसतो. खिडकी दिसते, दिवा दिसतो, मागे उभा असलेला शिपाई दिसतो. म्हणून पावडर. पावडरीने चकाकी मरते आणि वस्तूचा आकार तेवढा उरतो. सगळी नोकरी त्यांनी ही चकाकी मारण्यात घालवली होती आणि तेच तंत्र त्यांनी आमच्या आजी-पणजीच्या भांड्यांवर आणलं. भांड्यात फक्त भांडं दिसलं पाहिजे, हे त्यांचं वाक्य सोसायटीत लहान पोरंही म्हणून दाखवत, त्यांच्यासारखाच एक डोळा बारीक करून.

वस्तूच्या शेजारी ते लाकडी फूटपट्टी ठेवत. प्रत्येक फोटोत पट्टी. देवीच्या मूर्तीच्या बाजूलासुद्धा पट्टी ठेवली म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या आजी त्यांच्याशी भांडल्या होत्या. मी एकदा त्यांना विचारलं होतं की एवढं कशाला, फोटो छान दिसला म्हणजे झालं ना. त्यावर त्यांनी मला त्यांच्या आईच्या तांब्याची गोष्ट सांगितली. गावचं घर भावांत वाटलं गेलं, भांडी वाटली गेली, आणि त्यांच्या वाट्याची भांडी थोरल्या भावाने परस्पर मोडीत काढली. त्यात आई रोज उशाशी पाणी घेऊन निजायची तो तांब्या होता. लहानपणी त्यांनी तो हजारदा हातात घेतला असेल. आणि आता डोळे मिटले की तांब्या दिसतो, पण त्याची मान केवढी होती, पोट कुठे सुरू होत होतं, ते काही केल्या आठवत नाही. मग ते म्हणाले, "आठवण खोटी असते गं. तिला माप नसतं."

हे बोलताना ते रडवेले वगैरे झाले नव्हते. त्यांनी ते तक्रार करावी तसं सांगितलं, महापालिकेच्या नळाबद्दल सांगतात तसं.

माणसांचे फोटो ते काढत नसत. कुणी हौसेने म्हटलं की काका, हंड्याबरोबर आमच्या सासूबाईंनाही घ्या, तर ते स्टँड मिटायला लागत. माणूस हलतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्याला हवा तेव्हा बघत नाही, तोंड कसनुसं करतो आणि वर फोटो वाईट आला म्हणून तुम्हालाच बोलतो. फोटो काढताना ते खोलीतून सगळ्यांना बाहेर घालवत. पोरांना, मांजराला, घरमालकाला. आत राहायच्या फक्त काकू.

काकूंबद्दल आता लिहायलाच हवं, कारण हे सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं. काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि कॅमेरा, स्टँड, कॉम्प्युटर हे सगळं त्यांच्या पेन्शनीतून आलं होतं. बोलायला त्यांना कुणीही चालायचं. भाजीवाला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिन्यावर दम खाणारा कुरियरवाला, माझी आई. हसायच्या तर पार तळमजल्यावरून चौथ्यावर ऐकू यायचं. पण कामाला गेल्या की त्यांचं काम एकच. पांढरी डबल बेडची चादर दोन्ही हातांत ताणून धरायची आणि भांड्यासमोर उभं राहायचं, म्हणजे खिडकीतला उजेड चादरीवर पडून भांड्यावर परत येतो. दिव्याचा उजेड काकांना चालत नसे. दिवा खोटं बोलतो म्हणे.

मी दोन-तीनदा दाराच्या फटीतून ते पाहिलं आहे. काका कॅमेऱ्यात डोळा घालून वाकलेले आणि काकू चादरीमागे. बोलणं फक्त काकांचं. वर. अजून वर. डावी बाजू पडतेय. वर. चेहऱ्याच्याही वर जाईल एवढी चादर धरून काकू उभ्या राहायच्या, बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या, हात थरथरायला लागायचे. मग क्लिक व्हायचं आणि काका म्हणायचे, "झालं. खाली घे." चादर खाली आली की मागून काकूंचा लाल झालेला हसरा चेहरा निघायचा. पुढे त्यांचा खांदा धरला, डॉक्टरांनी हात वर करायचा नाही म्हणून सांगितलं, तरी चादर धरायला त्याच. माझ्या आईला त्या म्हणाल्या होत्या की यांच्या लेखी मी बायको नाहीच, कपडे वाळत घालायची दांडी आहे. आणि स्वतःच हसल्या होत्या.

आमच्या घरी ते आले तो दिवस मात्र वाईट गेला. आमच्याकडे आईच्या लग्नातला पितळी हंडा आहे, मालवणहून बाबांच्या गिरणीच्या खोलीत आणि तिथून मुलुंडला आलेला. फोटोवाले येणार म्हणून आई पहाटेपासून चिंच आणि मीठ लावून हंडा घासत बसली होती. अख्ख्या महाराष्ट्रात कुठलीही बाई हेच करेल. काका आले, हंड्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसले. कुणी गेल्याची बातमी आल्यासारखा त्यांचा आवाज झाला. घासलात, वहिनी? एवढंच म्हणाले. त्यांना हंडा रोजच्या अवतारात हवा होता, पाण्याच्या डागांसकट. आईला ते काही कळेना. पाहुण्यांसमोर घासलेलं भांडं ठेवलं तर चुकलं काय?

बरं, घासला तर घासला म्हणून त्यांनी पुरचुंडी काढली. तेव्हा आई मध्ये उभी राहिली. एरवी ती त्यांच्याशी अदबीने भावजी म्हणून बोलायची, पण रागावली की तिची भाषा सरळ मालवणात जायची.

"ह्या हंड्यातला पाणी मी देवाक घालतंय, भावजी. हेका पावडर फासूची नाय."

काकांनी खूप समजावलं. पुसून देईन म्हणाले, धुऊन देईन म्हणाले. आई ढिम्म. काकू मध्ये पडल्या आणि म्हणाल्या की एक दिवस बिनपावडरीचा काढा, आभाळ कोसळत नाही. शेवटी काकांनी कपाळाला आठ्या घालून तसाच फोटो काढला. वर, अजून वर, झालं, खाली घे. आणि पहिल्यांदाच असं झालं की त्यांनी कुणाला फोटोची प्रत दिली नाही. विचारलं की म्हणत, बिघडलाय तो. त्यांच्या सगळ्या फोटोंत बिघडलेला तेवढा एकच, हेही बजावून सांगत. मी त्या वेळी आईवर चिडले होते. लोकांच्या भिंतींवर त्यांच्या समया आणि घंगाळी लागली होती आणि आमचाच तेवढा हंडा फुकट गेला.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. आमच्या भागातल्या सगळ्याच इमारती जात होत्या. आधी मीटिंगा, मग सह्या, मग भाड्याच्या घरांची शोधाशोध. आणि काकांना अचानक इतकी बोलावणी यायला लागली की त्यांना उसंत मिळेना. आज जातं, उद्या बंब, परवा कुणाचा तरी शिसवी पाट. काका हरखून गेले. जिन्यात भेटले की सांगत, बघ, लोकांना कळायला लागलं. काकू मात्र गप्प असायच्या. त्यांना बहुधा आधीच कळलं होतं.

एका सकाळी मी ऑफिसला निघाले तर गेटपाशी भंगारवाल्याची हातगाडी उभी होती आणि काका त्या गाडीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. गाडीवर तिसऱ्या मजल्यावरच्यांचा तांब्याचा बंब आडवा पडला होता. त्याच्या नळीत आणि झाकणाच्या खाचेत पांढरी पावडर अजून तशीच होती. त्याखाली पितळी डबे, एक घंगाळ, आणि चौथ्यावरच्यांचा तो शिसवी पाट, पाय मोडलेला. सगळं काकांनी महिनाभरात फोटो काढलेलं. गाडीवाला बिचारा गोंधळून उभा होता. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा तो गृहस्थ खाली आला. स्वभावाने चांगला माणूस, बँकेत आहे. काकांनी त्याला बंब दाखवला आणि हे काय म्हणून विचारलं.

तो म्हणाला, "काका, फोटो काढलाय ना तुम्ही? मग झालं की. तेवढ्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं. नवीन घरात कुठे ठेवू यार मी हे धूड?"

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. उलट आभार मानल्यासारखाच तो बोलत होता. वडिलांचा बंब मोडीत घालताना त्याला वाईट वाटत होतं, आणि फोटो आहे म्हटल्यावर वाईट वाटायचं थांबलं, एवढंच. काकांनी गाडीवरचे हात काढले. गाडी गेली. मी त्यांना घरापर्यंत सोडायला निघाले तर म्हणाले, तू जा, तुला उशीर होईल.

त्यानंतर हे सगळ्यांना माहीतच झालं. पावडरकाका एखाद्या घरी गेले की दोन दिवसांत भंगारवाला येणार. पोरं गमतीने म्हणायची, काका येऊन गेले, आता गाडी येईल. आमच्या आईने हे ऐकलं तेव्हा ती स्वयंपाकघरात हंड्यातलं पाणी बदलत होती. तिने हंड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "फोटो बिघाडलो म्हणान हंडो रवलो." मला तेव्हा हसू आलं होतं.

काकांनी काम थांबवलं नाही. थांबवावं असं मला वाटत होतं आणि मी तसं काकूंना म्हटलंही. त्या म्हणाल्या की थांबवून हे करतील काय, मग मला घरात उभं करतील आणि वर वर म्हणत बसतील. पण काकांचा चेहरा आता फोटो काढायला जाणाऱ्याचा राहिला नव्हता. ते भांड्यावर पावडर टाकत आणि त्यांना ठाऊक असे की आपण हे भांडं गाडीवर चढवतोय. फोटो नाही काढला तरी ते जाणारच होतं, हेही ठाऊक असे. या दोन्हींच्या मधे उभं राहण्यासारखं काहीच नव्हतं आणि ते तिथेच उभे होते.

आणि मग काकू गेल्या. सकाळी चहा टाकायला म्हणून उठल्या आणि ओट्यापाशीच कोसळल्या. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी खाली गेले तेव्हा काका बाल्कनीत उभे होते आणि दांडीवर धुतलेली पांढरी चादर वाळत होती. त्यांना मूल नव्हतं. बोरिवलीहून पुतण्या आला, त्याने सगळं केलं, मनापासून केलं.

दिवसकार्याच्या आधी पुतण्याने विचारलं की काकूंचा फोटो कुठे आहे, फ्रेम करून आणतो. आणि फोटो नव्हता. ऐकायला खरं वाटत नाही, पण नव्हता. लग्नाचा अल्बम तळमजल्याच्या घरात पाणी शिरलं त्या वर्षी भिजून त्याची वीट झाली होती. त्यानंतर कुणी काढलाच नाही. काकूंकडे बटणांचा साधा मोबाइल होता. मी माझा फोन धुंडाळला. त्यात जेवणाच्या ताटांचे शेकडो फोटो होते, काकूंचा एकही नाही. सोसायटीच्या हळदीकुंकवाच्या एका फोटोत त्या होत्या, पण त्यांच्या तोंडासमोर कुणाचा तरी तिळगूळ धरलेला हात. शेवटी आधार कार्डावरचा चेहरा झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला. काकांनी तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि उलटा करून ठेवला. ही ती नव्हे, म्हणाले. बसायला आलेल्यांपैकी एक बाई दुसरीच्या कानात पुटपुटल्या की जन्मभर फोटोग्राफर आणि बायकोचा एक फोटो नाही. त्यांना वाटलं काकांना ऐकू आलं नाही.

महिनाभराने काकांनी मला बोलावलं. कॉम्प्युटरवर बारीक दिसत नाही, जरा मदत कर म्हणाले. मी रविवारी जायला लागले. ते एकेक फोटो उघडायला सांगत आणि भांड्याचं पोट मोठं करायला लावत. मला आधी कळेना काय शोधताहेत. मग त्यांनी सांगितलं. प्रत्येक भांड्यासमोर ती उभी होती ना, मग कुठे तरी, एखाद्या कोपऱ्यात, पावडर नीट बसली नसेल तिथे ती दिसेल. तांब्याच्या काठावर, समईच्या देठावर, घंटेच्या कडेला. एवढी वर्षं, एवढी भांडी. एक तरी जागा सुटली असेल.

सुटली नव्हती. मी डोळे दुखेपर्यंत पाहिलं. सगळीकडे तोच मऊ, मेलेला पिवळा रंग. प्रत्येक घंगाळ आकाराने अचूक, शेजारी पट्टी, आणि त्यात कुणी नाही. इतकं चोख काम मी कुठेच पाहिलेलं नाही. तो माणूस दर फोटोगणिक आपलं काम किती बरोबर होतं ते बघत होता आणि दर वेळी थोडा खचत होता. मला तिथून पळून जावंसं वाटायचं. एकदा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हनुवटी आठवते. कान आठवत नाहीत गं. एकदा तरी चुकायला हवं होतं मी."

तेव्हा मला आमचा हंडा आठवला.

त्यांना तो आठवला नव्हता, कारण बिघडलेला म्हणून तो त्यांनी कधी मोजलाच नव्हता. शोधायला वेळ लागला. उघडला आणि सगळा पडदा झगमगला. चिंचेने घासलेलं पितळ, आईने पहाटे उठून घासलेलं. हंड्याच्या फुगीर पोटात आमची खिडकी वाकडी होऊन बसली होती, स्टँडचे पाय दिसत होते, वाकलेले काका एवढेसे दिसत होते. आणि त्यांच्या बाजूला पांढरी चादर. चादरीच्या वरच्या काठावर बोटं. चार इकडे, चार तिकडे, घट्ट मिटलेली. एका बाजूला काठाला लागून हिरव्या बांगडीचा तुकडा.

चेहरा चादरीमागे होता. त्यांनीच तर सांगितलं होतं, अजून वर.

काकांनी मोठं करायला सांगितलं. मी केलं. आणखी सांगितलं. बोटांचे नुसते चौकोन झाले, तेव्हा मी परत लहान केलं. त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग हात उचलून, मी खोलीत नसल्यासारखं, अगदी हळू आवाजात ते म्हणाले,

"झालं. आता खाली घे."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

त्या फोटोची त्यांनी मोठी प्रत काढून आणली, फ्रेम केली आणि हॉलच्या भिंतीवर लावून तिला हार घातला. येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीवर हार घातलेला हंडा दिसायचा. सेक्रेटरी मला जिन्यात म्हणाले की म्हाताऱ्याची वाट लागली, डोक्यावर परिणाम झालाय. चादर आणि बोटं तिथे आहेत हे माहीत असल्याशिवाय दिसत नसत, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना दुसरं काहीच दिसत नसे. आईला मी दाखवलं. ती फ्रेमसमोर उभी राहिली, पदराला हात पुसले आणि नमस्कार केला.

त्यानंतर त्यांनी सगळे फोटो पुसून टाकले. कॉम्प्युटरवरचे, डिस्कवरचे, सगळे. हंड्याचासुद्धा. मला कळलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलेच. वर्षानुवर्षांचं काम, लोकांच्या घरातली भांडी तर गेली, निदान फोटो तरी होते. ते म्हणाले की फोटो असला की वस्तू जाते. आता फोटो नाहीत, बघू काय राहतं. मी म्हटलं, हंड्याची एक प्रत मला तरी करून द्यायची होती. तर म्हणाले, एक आहे ना भिंतीवर, पुरे.

इमारत रिकामी झाली. आम्ही हंडा घेऊन भांडुपला भाड्याच्या घरात गेलो. काका कांदिवलीत पुतण्याने बघून दिलेल्या एका खोलीत गेले. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा ते फ्रेमसमोर खुर्ची टाकून बसलेले होते. कॅमेरा विकून टाकला होता. कुणी जुनं भांडं असल्याचं सांगितलं की ते फक्त एवढंच म्हणत, वापरा. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखलं, पण बरोबर आलेल्या माझ्या आईला ओळखायला वेळ लागला, आणि हंडा म्हटल्यावर ओळखलं. तिसऱ्यांदा जायचं ठरवत होते तेवढ्यात पुतण्याचा मेसेज आला, की झोपेतच गेले.

मी पोचले तोवर चार दिवस झाले होते. खोली मालकाला परत द्यायची होती म्हणून पुतण्याने आवरायला घेतली होती आणि जवळजवळ आवरून झाली होती. चांगला मुलगा आहे. काकांची औषधं, बिलं, म्हातारपणातली चिडचिड, सगळं त्याने सांभाळलं होतं, हे मला पुन्हा सांगायला हवं. भिंतीवर खिळा होता. त्याखाली फ्रेमच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता. मी विचारलं.

त्याने सकाळीच भंगारवाल्याला बोलावलं होतं. स्टँड, कॉम्प्युटर, जुनी फूटपट्टी आणि ती फ्रेम. काच आणि लाकूड म्हणून त्याने तीही घेतली. माझा चेहरा बघून पुतण्या घाबरला. त्याला वाटलं मला ते भांडं ओळखीचं होतं म्हणून वाईट वाटलं, आणि ते खरंही होतं.

"ताई, काकांना फार प्रिय होतं ते, माहितीये मला. असंच नाही दिलं मी. आधी फोटो काढून ठेवलाय. पाठवू तुम्हाला?"

पाठव म्हटलं. फोन वाजला. मी खिडकीपाशी जाऊन फोटो उघडला. फ्रेम थोडी तिरकी आली होती. काचेत समोरची खिडकी चकाकत होती आणि त्या चकाकीत तो स्वतः उभा होता, दोन्ही हात वर करून मोबाइल धरलेला, चौकटीच्या शर्टातला. हंड्याचं पोट त्याच्या मागे गेलं होतं. चादर होती त्या जागी त्याचा शर्ट होता. बोटं होती, पण ती त्याची.

मी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला.

मागून त्याने विचारलं, "आला ना नीट?"

मी म्हटलं, "आला."